टोकियो डिस्नीसीच्या गर्दीत एक दिवस : नियोजनासाठी मदत हवी आहे

नमस्कार. एप्रिलअखेरीस आम्ही चौघे जपानला जात असून एक पूर्ण दिवस उरायासू येथील टोकियो डिस्नीसी या डिस्नीच्या मनोरंजन उद्यानासाठी राखून ठेवला आहे. विमानाची तिकिटे काढून झाल्यावर लक्षात आले की २९ एप्रिलपासून तिथे ‘गोल्डन वीक’ची सुट्टी सुरू होते, त्यामुळे आता २७ किंवा २८ तारीख गाठणे एवढेच हाती उरले आहे.

खरी अडचण दोन टोकांच्या वयांची आहे. मुलीला काल दाराच्या चौकटीला उभे करून मोजले, तेव्हा तिची उंची १११ सेंटिमीटर भरली. म्हणजे सोअरिंग या उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या राइडसाठी लागणारे किमान १०२ सेंटिमीटर ती सहज पार करते, पण रेजिंग स्पिरिट्स या रोलर कोस्टरसाठी ११७ लागतात (हे तिला अजून सांगितलेले नाही!). अशा वेळी एका पालकाने मुलीपाशी थांबून नंतर रांग न लावता आत जाण्याची जी ‘रायडर स्विच’ सोय आहे, ती प्रत्यक्षात कशी मागायची?

आईचे गुडघे दुखतात, तिला तासभर रांगेत उभे राहणे शक्य नाही. उद्यानात शिरल्यावर ॲपवरून ‘प्रीमियर ॲक्सेस’ (कमी वेळ रांगेत थांबून राइडला जाण्याचा पास) विकत घेता येतो, पण तो प्रत्येक राइडला आणि प्रत्येक माणसामागे वेगळा पडत असल्याने चौघांचा खर्च बराच वाढतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या फँटसी स्प्रिंग्ज या विभागातील राइड्ससाठीच तो घ्यावा, की सोअरिंगसाठी? सकाळी दार उघडण्याच्या किती आधी पोहोचावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.