ट्रेकला नेलं की झालं?

वर कुणीतरी लिहिलंय की मुलांना ट्रेकला न्या, निसर्गाची आवड आपोआप लागते, निसर्ग जपायला शिकवणारे ज्युनियर रेंजर वगैरे कोर्स कशाला. मला अर्धंच पटलं. आवड लागते हो, पण काम कुणी हातात दिल्याशिवाय येत नाही. माझी मुलगी सातवीत असताना रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एका शिबिराला जायची, तिथे त्यांनी जाळरेषा काढायला शिकवलं, म्हणजे पावसाळ्यानंतर गवत वाळलं की पायवाटेलगतचा पट्टा साफ करून टाकायचा, मोठी माणसं विळ्याने कापणार आणि मुलं गवत ओढून बाजूला करणार, मग उन्हाळ्यात वणवा लागला तरी त्याला पुढे जायला काही मिळत नाही.

आणि उंदीरमारी ओळखायला शिकवली, आपण ग्लिरिसिडिया म्हणतो ते झाड. मूळची मध्य अमेरिकेतली, पण आपल्या टेकड्यांवर केवढी लावून ठेवलीये! चंडोल, टिटवी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना मोकळा माळ लागतो, तिथे दिसेल ती जागा झाडांनी भरून टाकणं चूकच. घरी येऊन लेक विचारते, बाबा, शाळेच्या वृक्षारोपणाला कुठली रोपं आणायची ते कोण ठरवतं? हा प्रश्न नुसत्या ट्रेकने पडला नसता.