रिझर्व्हच्या मॅचमध्ये कोण चांगलं खेळलं, हे ठरवायचं कशावरून?

पश्चिमवाला (धागाकर्ता):

सोमवार उजाडला की आमच्या फुटीच्या (ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या) ग्रुपवर व्हीएफएलच्या, म्हणजे मुख्य लीग एएफएलच्या खालच्या स्पर्धेच्या, आकड्यांचा तक्ता येऊन पडतो आणि अर्ध्या तासात निकाल लागलेला असतो. ज्याचे डिस्पोजल 28 त्याला सीनियर टीममध्ये घ्या, ज्याचे 9 त्याला हंगाम संपला की घरी पाठवा. निकाल देणाऱ्या बहुतेकांनी मॅच पाहिलेलीच नसते. हे मला साफ चुकीचं वाटतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: एएफएलच्या क्लबांमधले ज्यांना सीनियर टीममध्ये जागा मिळाली नाही ते त्या आठवड्यात रिझर्व्हकडून खेळतात. 1999पर्यंत त्यांची वेगळी स्पर्धा होती, 2000पासून ती व्हीएफएलमध्ये मिसळली. 2021पासून सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्टच्या टीमही त्यातच आल्या. डिस्पोजल म्हणजे चेंडू पायाने किंवा मुठीने किती वेळा पुढे दिला, त्याची मोजणी.

आता मेलबर्नच्या व्हिटन ओव्हल मैदानावरचा एक बॅकमन, म्हणजे बचावातला खेळाडू, डोळ्यांसमोर आणा. लांबून उंच चेंडू येतोय, समोरचा फॉरवर्ड त्याच्यापेक्षा उंच. पोरगा अर्धं पाऊल मागे राहतो, धक्का देत नाही, उडी मारायची घाई करत नाही. शेवटच्या क्षणी फॉरवर्डच्या खांद्यावरून मूठ काढतो आणि चेंडू सीमारेषेबाहेर ठोसतो. तक्त्यात नोंद काय? एक स्पॉइल. मग पुढचा थ्रो-इन व्हायच्या आत तो हात करून मोकळा सुटलेला प्रतिस्पर्धी दाखवतो, आपला माणूस तिकडे सरकतो, आणि तिथे येणारा चेंडू येतच नाही. याची नोंद? काहीच नाही. दिवसभर असं खेळून तो 9 डिस्पोजलवर थांबतो आणि आमच्या ग्रुपवर नापास होतो.

त्यात व्हिटन ओव्हलचा वारा. तो पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. दोन क्वार्टर वाऱ्याच्या दिशेने, दोन विरुद्ध. वाऱ्याविरुद्धच्या क्वार्टरमध्ये फॉरवर्डकडे चेंडू पोचलाच नाही तर दोष त्याचा कसा?

माझं म्हणणं एवढंच: कोचने त्याला काय काम दिलं होतं आणि ते त्याने केलं का, हे आधी बघा. डिस्पोजल नंतर.

डेटावाली:

असहमत.

टॉम मिचेल सिडनी स्वान्सच्या रिझर्व्हकडून नीफलमध्ये (उत्तर-पूर्व ऑस्ट्रेलियातली तेव्हाची स्पर्धा) खेळत होता तेव्हा त्याने एका मॅचमध्ये 64 डिस्पोजल केले होते. तेव्हाही लोक हेच म्हणायचे: रिझर्व्हचे आकडे आहेत, हलके आहेत, सोडून द्या. पुढे तो हॉथॉर्नला गेला, 2018च्या पहिल्याच राउंडला कॉलिंगवूडविरुद्ध 54 डिस्पोजलचा एएफएलचा विक्रम केला आणि त्याच वर्षी एएफएलच्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल घेतलं. आकडे आधीपासून ओरडून सांगत होते, ऐकणारे कमी होते.

डोळ्यांचं म्हणाल, तर डोळ्यांना लाडके असतात. उंच पोरगा, केसांची वेगळी ठेवण असलेला पोरगा, पहिल्याच मिनिटाला जोरदार टॅकल करणारा पोरगा दिवसभर लक्षात राहतो. आकड्याला लाडका-दोडका नसतो. डिस्पोजल एकटा वाचू नका हे मान्य. झुंजून मिळवलेले चेंडू किती, क्लिअरन्स (दाटीतून चेंडू मोकळा काढणं) किती, टॅकल किती, गोलसमोरच्या 50 मीटरच्या कमानीत चेंडू कितीदा नेला, हे सगळं एकत्र वाचा. पण तक्ता फेकून देऊन "मी पाहिलंय ना" म्हणणं हा पुरावा नाही.

पश्चिमवाला:

ताई, मिचेल हे अपवादात्मक उदाहरण आहे. आणि 64 डिस्पोजल करूनही स्वान्समध्ये त्याची जागा लगेच पक्की झाली नव्हती.

जुना_प्रेक्षक:

ती झाली नाही कारण तेव्हा स्वान्सच्या मिडफील्डमध्ये जॉश केनेडी, ल्यूक पार्कर, डॅन हॅनबरी, किरन जॅक असे चौघे ठाण मांडून बसले होते. खेळ चांगला असणं आणि टीममध्ये जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिझर्व्हच्या चर्चेत हमखास घोळ होतो तो इथे. पोरगा सहा आठवडे चांगला खेळतो, वर जागा नसते, मग लोक त्याच्या खेळात खोट शोधायला लागतात.

टार्नीटकर:

मूळ धाग्याच्या भाषेवरच माझा आक्षेप आहे. "रिझर्व्हची मॅच" कुणाची? मी व्हीएफएलमधल्या वेरबी क्लबचा. आमच्यासाठी ती सीनियर मॅच असते. 2024ची व्हीएफएल ग्रँड फायनल वेरबी आणि साउथपोर्टमध्ये झाली, आणि दोन्ही क्लब स्वतःच्या पायावर उभे असलेले, कुणाच्या रिझर्व्हचे नाहीत. आम्ही जिंकलो, 1993नंतर पहिल्यांदा. आमची पोरं दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी सरावाला येतात.

हे सांगायचं कारण मूल्यमापनाशीच जोडलेलं आहे. एएफएल क्लबात बरीच दुखापत असेल तर रिझर्व्हचे चांगले खेळाडू वर जातात आणि खाली टीम भरायला बाहेरून खेळाडू घ्यावे लागतात. अशा पातळ टीमविरुद्ध मिळवलेले 30 डिस्पोजल आणि आमच्या अठ्ठावीस-तिशीतल्या अंगापिंडाने भरलेल्या मिडफिल्डरविरुद्ध मिळवलेले 18 यांची किंमत सारखी कशी? समोर कोण होतं हे न लिहिता खेळाडूला गुण देणाऱ्यांचं मी वाचतही नाही. डेटावाली ताई, तुमच्या तक्त्यात हा रकाना कुठे आहे?

डेटावाली:

रकाना नाही, पण काढता येतो. त्याच आठवड्यात समोरच्या टीमची यादी बघायची, किती जण एएफएलच्या करारातले होते ते मोजायचं. कष्टाचं काम आहे, अशक्य नाही. आणि तुमचा मुद्दा आकड्यांच्या विरोधात जात नाही, आळशी वाचनाच्या विरोधात जातो.

रिचमंड_एंड:

या विषयावर बोलायचं आणि मार्लियन पिकेटचं नाव घ्यायचं नाही, हे जमणार नाही.

22 सप्टेंबर 2019ला रिचमंडने विल्यमस्टाउनला 3 गुणांनी हरवून व्हीएफएल जिंकली. पिकेटला सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म गॉस मेडल. तो 27 वर्षांचा, त्याच वर्षीच्या मिड-सीझन ड्राफ्टमध्ये (हंगामाच्या मध्यात होणारी खेळाडूंची निवड) साउथ फ्रीमँटल क्लबातून आलेला, आला तेव्हा बोट मोडलेलं. रिचमंडच्या जॅक ग्रॅहमचा खांदा एएफएलच्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये (उपांत्य सामन्यात) निखळला होता, म्हणून जागा रिकामी झाली. क्लबने त्याला घेतलं आणि सहाच दिवसांनी, 28 सप्टेंबरला, त्याने एएफएलची पहिली मॅच खेळली ती थेट ग्रँड फायनल. 1952नंतर ग्रँड फायनलमध्ये पदार्पण करणारा पहिलाच. रिचमंडने जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनीला) 89 गुणांनी धुतलं आणि पिकेटने 22 डिस्पोजल आणि एक गोल केला.

मी ती व्हीएफएल फायनल प्रिन्सेस पार्कला बसून पाहिली. सगळ्यात नजरेत भरलं ते हे की दाटीत चेंडू हातात आल्यावर पिकेट घाबरत नव्हता. चौघे अंगावर येत असताना तो एक श्वास थांबायचा, कुठल्या बाजूला मोकळं आहे ते बघायचा आणि मगच वळायचा. पुढच्या शनिवारी एमसीजीवर एक लाख लोकांसमोर त्याने तीच गिरकी घेतली. तो थांबलेला श्वास कुठल्या तक्त्यात येतो? मी पश्चिमवाल्यांच्या बाजूने.

टार्नीटकर:

एक लक्षात घ्या, ती मॅच फायनल होती आणि समोर विल्यमस्टाउन होतं, म्हणजे कडवी, अनुभवी टीम. मी म्हणतो तेच. जूनमधल्या कुठल्याशा पावसाळी मॅचमध्ये कमकुवत टीमविरुद्ध तो तसाच खेळला असता तर कुणी एवढा विश्वास टाकला असता का?

डेटावाली:

पिकेटला मेडल मिळालं म्हणजे तो दिसायला चांगला खेळला होता आणि आकड्यांतही मागे नव्हता. मग ही "डोळे विरुद्ध आकडे" अशी केस कुठे झाली?

उलट एक केस मी देते. व्हीएफएलच्या सर्वोत्तम खेळाडूची लिस्टन ट्रॉफी अंपायरांच्या 3-2-1 मतांवर ठरते, म्हणजे ती डोळ्यांनीच दिलेली असते. विल्यमस्टाउनच्या मायकल गिबन्सने ती दोनदा जिंकली, 2016 आणि 2018ला. अंपायर चेंडूच्या मागे धावतो, म्हणून त्याला चेंडूजवळचा मिडफिल्डर दिसतो. तुमचा तो मूठ मारणारा बॅकमन अंपायरलाही दिसत नाही! डोळ्यांची बाजू घेताना हे विसरू नका.

पश्चिमवाला:

गिबन्सचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण पुढचा भाग राहिला. एएफएलच्या कार्ल्टन क्लबने त्याला 2019च्या हंगामाआधी घेतलं आणि खेळवलं ते मुख्यतः पुढच्या फळीत. व्हीएफएलमध्ये तो मिडफील्डचा राजा होता, वर गेल्यावर काम बदललं. म्हणून खाली त्याने किती चेंडू उचलले यापेक्षा, वर जे काम मिळणार आहे त्यातला कुठला भाग तो खाली करून दाखवतोय, हे बघायला हवं. जेकब टाउनसेंडचंही तसंच. 2017ची लिस्टन त्याला मिळाली, हंगामाच्या शेवटी रिचमंडच्या सीनियर टीममध्ये परत आला, आल्यावरच्या पहिल्या दोन मॅचमध्ये 11 गोल केले आणि प्रीमियरशिप (विजेतेपद) जिंकणाऱ्या टीममध्ये खेळला. त्याला तिथे ठेवला तो मात्र समोरच्या बॅकमनला श्वास घेऊ न देण्यासाठी. गोल ही वरकड कमाई.

पुणेरी_फुटी:

पुण्यातून लिहितोय. मेलबर्नची दुपारी दोनची मॅच हिवाळ्यात आमच्याकडे सकाळी साडेनऊला दिसते. तुम्ही सगळे मैदानावर बसून लिहिता, म्हणून आमच्यासारख्यांची अडचण सांगतो. प्रक्षेपणाचा कॅमेरा चेंडूला चिकटलेला असतो. बॅकमन काय इशारा करतोय, फॉरवर्ड मुद्दाम दुसरीकडे धावून कुणाला जागा करून देतोय, काही दिसत नाही. मग आम्ही आकड्यांवर नाही तर कशावर बोलायचं?

आणि "आकडे खालच्या पातळीचे आहेत" हे वाक्य ऐकलं की मला अमोल मुजुमदार आठवतो. रणजी पदार्पणात 260, प्रथमश्रेणीत 11,000च्या वर धावा, आणि भारताची टोपी एकदाही नाही. त्याच्या धावांना कुणी हलकं म्हणू शकलं नाही, तरी बोलावणं आलं नाही. खालच्या पातळीवर मेहनतीने उभे केलेले आकडे कुणी सहज उडवून लावले की मला राग येतो.

जुना_प्रेक्षक:

पुणेरी, राग रास्त आहे. पण फलंदाजाच्या धावा बऱ्याच अंशी त्याच्या एकट्याच्या असतात. फुटीत मैदानावर एका वेळी 36 जण असतात आणि चेंडू एकाकडे. उरलेले 35 काय करत होते यावर मॅच ठरते.

मी कसं बघतो ते सांगतो, पटलं तर घ्या. मॅचच्या आधी टीमची यादी बघून कोण कुठे खेळणार ते समजून घेतो. मग एक खेळाडू निवडतो आणि एक पूर्ण क्वार्टर फक्त त्यालाच बघतो, चेंडू कुठेही असो. पहिली झेप चुकल्यावर तो उठून दुसऱ्यांदा जातो का? आपल्या टीमचा चेंडू हिसकावला गेला की त्या क्षणी वळून मागे धावतो का, की हात कमरेवर ठेवतो? घाईत नावडत्या पायाने किक मारायची वेळ आली तर चेंडू कुठे पडतो? रक (उसळत्या चेंडूसाठी उडी मारून तो टोलवणारा उंच खेळाडू) असेल तर त्याचे हिट-आउट मोजत नाही, त्याने टोलवलेला चेंडू कुणाच्या हातात गेला ते बघतो. तीस हिट-आउट करून प्रत्येक चेंडू समोरच्याच्या ओंजळीत टाकणारे रक मी पाहिलेत.

सीनियर टीममधून वगळला गेलेला खेळाडू खाली येतो तेव्हा तर पहिलं क्वार्टर पुरतं. त्याच्या धावण्यातच कळतं की तो परत वर जायला आलाय की रुसून आलाय.

डेटावाली:

काका, एक क्वार्टर एकालाच बघितलंत तर चार क्वार्टरांत चार खेळाडू झाले. उरलेल्यांबद्दल तुम्ही काय सांगणार? आणि "रुसून आलाय" हे धावण्यावरून ओळखणं मला पटत नाही. पोटरी दुखत असेल, मिनिटं ठरवून दिलेली असतील, दुखापतीतून उठल्यावरची पहिली मॅच असेल. क्लब अशा खेळाडूला मुद्दाम अर्धी मॅच खेळवून बसवतो. आपल्याला ते कळवत नाहीत. मनातलं वाचण्यापेक्षा पायातलं मोजावं.

जुना_प्रेक्षक:

चारच खेळाडूंबद्दल बोलेन, पण खात्रीने बोलेन. बाकीच्यांबद्दल गप्प बसेन. सगळ्यांबद्दल सोमवारी मत असलंच पाहिजे असं कुठे आहे?

बाउंडरीची_आई:

इतका वेळ वाचत होते. माझा मुलगा इथल्या ज्युनियर क्लबात खेळतो, त्यामुळे हे वेगळ्या बाजूने दिसतं. रिझर्व्हमधले बरेचसे 18-19 वर्षांचे असतात, शाळा संपून वर्ष झालेलं नसतं, कित्येक जण घर सोडून दुसऱ्या राज्यातून आलेले. दहापैकी 3 असा आकडा त्यांच्या नावासमोर लिहून टाकताना ते पोरगं तो वाचणार आहे याचं भान ठेवा. वाचतात ते सगळे. "काय जमलं नाही" ते लिहा, त्याने कुणाचं बिघडत नाही. गुण कशाला?

रिचमंड_एंड:

ताई, भावना पोचल्या, पण ते करारावर खेळणारे व्यावसायिक आहेत. सीनियर खेळाडूवर आपण दर आठवड्याला बोलतो, मग इथे वेगळा नियम का? शिव्या नकोत, वैयक्तिक काही नको, इतपत मान्य. खेळाबद्दल स्पष्ट बोलायला बंदी नको.

टार्नीटकर:

आमच्या पोरांना तर त्या कराराचे पैसेही मिळत नाहीत. आईंशी पूर्ण सहमत.

पश्चिमवाला:

गुणांबद्दल मीही आईंच्या बाजूचा आहे. यापुढे या धाग्यावर मी दहापैकी आकडा लिहिणार नाही. तिघा-चौघांबद्दल लिहीन: कुठल्या जागेवर होता, समोर कोण होतं, काय जमलं, काय नाही.

डेटावाली:

चालेल, पण एक अट. मॅचच्या आधी, शुक्रवारी टीम जाहीर झाली की, त्या तिघांचं काम काय असेल असं तुम्हाला वाटतं ते इथे लिहून ठेवा. मॅच झाल्यावर "त्याचं कामच ते होतं" म्हणणं सोपं असतं, नऊ डिस्पोजलवाल्या कुणाचाही बचाव तसा करता येतो. तुम्ही आधी लिहा, मी त्याच तिघांचे आकडे समोरच्या टीमच्या यादीसकट टाकीन. हंगामभर हे केलं तर कुणाचं निदान टिकतं ते दिसेल.

पश्चिमवाला:

मंजूर. या शुक्रवारपासून. एक बॅकमन, एक रक आणि वरून वगळलेला एक, असे तिघे घेतो. काका, रक तुम्ही बघा.