वर्दीपेक्षा जागावाटप भारी

"पोलिसी दरारा असला की आमदारकी सोपी" असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. बिहारची २०२० ची निवडणूक आठवा. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यू प्रकरणात रोज टीव्हीवर झळकणारे पोलीस महासंचालक गुप्तेश्वर पांडे सप्टेंबरमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेऊन नितीश कुमारांच्या जदयूत (संयुक्त जनता दलात) गेले. डोळा बक्सर मतदारसंघावर. जागावाटपात बक्सर गेलं मित्रपक्ष भाजपकडे आणि तिकीट मिळालं परशुराम चतुर्वेदींना, म्हणजे एकेकाळच्या पोलीस शिपायाला! साहेब बसले हात चोळत. (चतुर्वेदीही पडले, जागा काँग्रेसने राखली.) पांडे पुढे कथावाचक, म्हणजे धार्मिक कथा सांगणारे, झाले.

त्याच साली सुनील कुमार हे आयपीएस अधिकारी जुलैअखेर रीतसर निवृत्त झाले, ऑगस्टमध्ये जदयूत शिरले आणि गोपालगंज जिल्ह्यातल्या भोरे या राखीव मतदारसंघातून निवडूनही आले. पण घरचं पाठबळ बघा: वडील चंद्रिका राम जुने मंत्री, भाऊ अनिल कुमार त्याच भोरेचे मावळते काँग्रेस आमदार. एवढं असूनही भाकप-माले या डाव्या पक्षाच्या उमेदवारापुढे आघाडी फक्त ४६२ मतांची. नंतर मंत्रीपद मिळालं, तेही दारूबंदी खात्याचं. तिथे मात्र जुनी नोकरी कामी आली असणार.