विषय: नागपूरचं घर विकताना टीडीएस, खरेदीदार १ टक्क्यावर अडून बसलाय, जरा लवकर सांगा

प्रेषक: मुग्धा
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

मंडळी, मी राहते अमेरिकेत, पण सध्या नागपुरातच आहे, प्रतापनगरला. घराचा सौदा ९० लाखाला ठरलाय. दादा आणि मी, अर्धी अर्धी मालकी, बाबांनंतर आखीव पत्रिकेवर दोघांची नावं चढलेली आहेत त्यामुळे तो प्रश्न नका विचारू. अडलंय टीडीएसवर, म्हणजे खरेदीदार किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरतो त्या टॅक्सवर. खरेदीदार म्हणतो मी १ टक्का कापणार, ९० हजार, सगळीकडे तेवढाच कापतात. त्याच्या सीएने मात्र त्याला सांगितलं की एक मालक अमेरिकेत आहे तर पूर्ण ९० लाखावर १४.३ टक्के कापा, म्हणजे १२ लाख ८७ हजार. हे ऐकून दादा भडकला, तो म्हणतो मी जन्मभर नागपुरात राहिलो, इथेच टॅक्स भरला, माझे पैसे का अडकवता. इसार अजून घेतलेला नाही, शुक्रवारी बसायचं ठरलंय. लोन सँक्शन व्हायचंय त्यामुळे रजिस्ट्री माझ्या परतीनंतरच होणार असं दिसतंय. आपल्या लिस्टवरचे २०१९ चे जुने मेल वाचले, त्यात सगळे फॉर्म १३ (कमी टीडीएस कापण्याचं सर्टिफिकेट) घ्या म्हणतायत, पण त्याला लागणारा वेळ आमच्याकडे नाही. गेल्या वर्षभरात कुणी विकलं असेल तर कृपया लिहा.
मुग्धा

प्रेषक: सतीश

मुग्धा, एवढं कशाला डोक्याला लावून घेतेस. तुझं आधार आहे, पॅन आहे, घराचा पत्ता प्रतापनगरचा आहे, रजिस्ट्रीत तोच टाक आणि १ टक्का कापू दे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी असंच केलं, काही झालं नाही. टॅक्स तर आपण रिटर्नमध्ये भरणारच ना, मग आधी कापला काय नि नंतर भरला काय.

प्रेषक: विलासकाका (त्रिमूर्तीनगर)

सतीश, काय सांगून राहिला रे तू तिला. मी परत येऊन नागपुरात स्थायिक झालो तेव्हापासून हे प्रकार डोळ्यांनी बघून राहिलोय म्हणून कळकळीने लिहितो. रहिवासी कोण हे आधारवरून ठरत नाही, वर्षात भारतात किती दिवस राहिलो त्यावर ठरतं. आणि टॅक्स मुग्धाचा असला तरी कापायची जबाबदारी खरेदीदाराची असते, कमी कापला तर नोटीस त्याला येते. आमच्या लेआउटमधे एकाने असंच परदेशातल्या मालकाकडून घर घेतलं, मालक म्हणाला १ टक्का काप, ह्याने कापला. नंतर खात्याने ह्यालाच गाठलं, न कापलेली रक्कम आणि वर महिन्याला एक टक्का व्याज. साधा नोकरदार माणूस, गृहकर्जाचे हप्ते भरतोय आणि वर हे. विकणारा तिकडे सुखात. आपल्या बाबांचं घर जो माणूस घेतोय त्याला असं फसवायचं नसतं बाप्पा. इसारपत्रात स्पष्ट लिहा की मुग्धा अनिवासी आहे.

दुसरं, प्रतापनगर म्हणते म्हणून विचारतो, प्लॉट नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा आहे का? असेल तर हस्तांतरणाची एनओसी लागेल, त्याचे पैसे कोण भरणार ते शुक्रवारीच ठरवा. आणि खासगी लेआउटमधला असेल तर आर.एल. (प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आहे का ते बघा. खरेदीदाराची बँक आर.एल. शिवाय फाईल पुढे सरकू देत नाही. तिसरं, इसाराचे २० हजार किंवा त्यावर रोख घ्यायचे नाहीत, कोणी कितीही गोड बोललं तरी. घेतले तर तेवढाच दंड लागतो.

प्रेषक: अनिरुद्ध

काका, आर.एल. चा विषय काढलात म्हणून. आमचा हुडकेश्वरचा प्लॉट आजोबांच्या नावावर, अजून सातबाराच चालू आहे, आर.एल. नाही. दलाल म्हणतो आता गुंठेवारीत (विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायच्या कायद्यात) होऊन जाईल, पैसे द्या. खरंय का? आणि मी ओसीआय (भारतीय वंशाचा, पण परदेशी नागरिक), तर मला तो विकता तरी येतो का?

प्रेषक: कल्याणी

मुग्धा, तुझ्या प्रश्नाचंच उत्तर देते, कारण त्या सीएने सांगितलेला आकडा चूक आहे आणि त्यावरून घरात भांडण व्हायला नको. मी इकडे येण्याआधी नागपूरला धंतोलीत हेच काम करायचे, आणि अजूनही दरवर्षी आपल्यातल्या बऱ्याच जणांचे भारतातले रिटर्न बघते.

घर एक असलं तरी विकणारे दोन आहेत. टीडीएस ज्याचा त्याच्या हिश्शावर. दादा रहिवासी, त्याच्या ४५ लाखावर १ टक्का, ४५ हजार. (घर ५० लाखाच्या वरचं आहे म्हणून त्याचा हिस्सा कमी असला तरी कापावा लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून तसा नियम स्पष्ट केलाय.) तू अनिवासी, तुझ्या ४५ लाखावर १२.५ टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे १३ टक्के, ५ लाख ८५ हजार. १४.३ टक्के हा दर सरचार्ज (जास्त उत्पन्नावरचा अधिभार) धरून आहे आणि सरचार्ज ५० लाखाच्या वर लागतो, तुला मिळणारी रक्कम ५० च्या आत आहे. दोन्ही मिळून ६ लाख ३० हजार, १२ लाख ८७ हजार नाही. दादाला आधी हे दाखव.

आता फॉर्म १३. २०१९ चे मेल त्या वेळी बरोबर होते. तेव्हा टॅक्स २० टक्के होता पण महागाई निर्देशांक लावून नफा खूप कमी व्हायचा, आणि टीडीएस मात्र पूर्ण रकमेवर २० टक्क्यांच्या हिशोबाने कापला जायचा, म्हणून खरा टॅक्स आणि कापलेला टॅक्स यात मोठी दरी पडायची. २३ जुलै २०२४ पासून अनिवासींना इंडेक्सेशन (म्हणजे तो महागाई निर्देशांक) नाही, दर १२.५. जुन्या घराची खरेदी किंमत म्हणून २००१ ची किंमत धरतात; समजा १ एप्रिल २००१ ला त्या घराची किंमत १२ लाख होती (हा माझा अंदाज, खरा आकडा रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून घे, आणि तो त्या वेळच्या सरकारी मूल्याच्या वर जाता कामा नये). तुझे ६ लाख, नफा ३९ लाख, टॅक्स १३ टक्क्यांनी ५ लाख ७ हजार. कापला जाणार ५ लाख ८५ हजार. फरक ७८ हजार, तो रिटर्न भरून परत मिळतो. एवढ्यासाठी फॉर्म १३ च्या मागे लागून सौदा लांबवू नकोस असं माझं मत. पॅन अजून जुन्या नागपूरच्या वॉर्डात असेल तर ते आधी इंटरनॅशनल टॅक्सेशनकडे (अनिवासींचा टॅक्स बघणाऱ्या विभागाकडे) हलवावं लागतं, त्यातच वेळ जातो. आणि सर्टिफिकेट मागच्या तारखेने लागू होत नाही, हातात पडल्यानंतरच्या पेमेंटलाच चालतं.

फॉर्म १३ फायद्याचा कधी, तर तू भारतात दुसरं घर घेणार असशील किंवा ५४ईसी चे (नफ्यावरचा टॅक्स वाचवणारे) बाँड घेणार असशील तेव्हा. बाँड विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे, जास्तीत जास्त ५० लाख, पाच वर्षं अडकतात. तुझा नफा त्यात पूर्ण बसतो, पण अमेरिकेतला टॅक्स त्याने सुटत नाही हे लक्षात ठेव.

प्रेषक: सतीश

कल्याणी, म्हणजे दादाला इंडेक्सेशन मिळतं आणि बहिणीला नाही? घर तेच, बाप तोच. हे चुकीचं आहे.

प्रेषक: कल्याणी

हो, मिळतं. जुलै २०२४ च्या आधीचं घर असेल तर रहिवाशाला १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन लावून २० टक्के, जे कमी पडेल ते. वरच्याच आकड्यांनी दादाचा टॅक्स साधारण ४ लाख ६७ हजार येतो. मलाही पटत नाही, पण कायदा असा आहे. भावंडांनी हे आधीच एकमेकांना सांगून ठेवावं, हातात येणारी रक्कम सारखी नसेल.

प्रेषक: शुभांगी (कार्यकारिणी)

सर्वांना आठवण, त्या बेसाच्या प्लॉटच्या प्रकरणानंतर आपण ठरवलं होतं की लिस्टवर दलालांची नावं, नंबर आणि दर यायचे नाहीत. माहिती जरूर द्या, ती हवीच. अनिरुद्ध, तुमच्या प्लॉटसाठी वेगळा विषय सुरू करा प्लीज.

प्रेषक: विलासकाका

शुभांगी, करेल तो वेगळा विषय, पण पोरगा पैसे देऊन बसायच्या आत दोन ओळी सांगतो. अनिरुद्ध, गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात धरता येतात. पण आरक्षणातली जमीन, नाल्याकाठची जमीन अशा बऱ्याच गोष्टी आड येतात, म्हणून आधी स्वतः अर्ज करून डिमांड नोट येऊ दे, पैसे दलालाला नाही, डिमांडवर भरायचे. ओसीआयला वारसाने आलेली शेतजमीन विकता येते पण भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. विकत मात्र घेता येत नाही.

प्रेषक: मुग्धा

कल्याणी, तुझा हिशोब प्रिंट काढून दादासमोर ठेवला, तो शांत झाला. प्लॉट लीजचा नाही काका, आर.एल. आहे. खरेदीदारालाही पटलं पण आता त्याची नवीन अडचण, माझ्यासाठी टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागेल म्हणतात, तो म्हणतो मी काय कंपनी आहे का. आणि त्याच्या बँकेतली मुलगी म्हणते २६क्यूबी चं (रहिवाशाचा टीडीएस भरायच्या फॉर्मचं) चलान आणा, बाकी काही चालत नाही. शिवाय इसारावरपण कापायचा का?

प्रेषक: कल्याणी

२६क्यूबी फक्त दादाच्या हिश्शाचा. तुझ्या हिश्शाचा चुकूनही त्यात भरू देऊ नकोस, नंतर दुरुस्त करताना सगळ्यांचा जीव जातो. बँकेत रोज रहिवाशांचीच प्रकरणं येतात म्हणून ती तसं म्हणत असेल, शाखेच्या वकिलाशी किंवा लोन विभागाशी बोलायला सांग. तुझ्यासाठी त्याला टॅन लागतोच. फॉर्म ४९बी ऑनलाइन भरायचा, फी शंभर रुपयांच्या आत. कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा, मग त्या तिमाहीचं २७क्यू रिटर्न (अनिवासीच्या टीडीएसचं), आणि त्यानंतर तुला फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट) मिळतो. त्याने २७क्यू भरलं नाही तर तुझ्या २६एएस मध्ये (तुझ्या नावे जमा टॅक्सच्या उताऱ्यात) एक रुपया दिसणार नाही, त्यामुळे त्या सीएची फी तू दे पण काम पूर्ण होऊ दे. इसारपत्रातच लिहून घे की २७क्यू भरून १६ए देणं खरेदीदारावर बंधनकारक.

इसारावर कापायचा, हो, पैसे देताना कापायचा असतो. तुझ्याकडे रुपया आला की टॅन हवा. म्हणून असं करा, शुक्रवारचा इसार पूर्ण दादाच्या खात्यात, दादाच्या हिश्शापोटी, त्यावर १ टक्का. तुझे ४५ लाख सगळे रजिस्ट्रीच्या दिवशी, तुझ्या एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या) खात्यात. तोवर टॅन येतो. पण इसारपत्रात हे हिश्शाप्रमाणे लिहिलेलं पाहिजे, तोंडी ठेवू नका, भावाबहिणीत असलं तरी. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, १५सीए (परदेशी पैसे पाठवतानाचा फॉर्म) आणि १५सीबी (सीएचं सर्टिफिकेट) लागतं.

आणि एक अमेरिकेतलं. वारसाने आलेल्या घराची किंमत तिकडे वडील गेले त्या दिवशीची धरतात, २००१ ची नाही. तेव्हा व्हॅल्युअरकडून दोन तारखांचे रिपोर्ट घे, आत्ता तू तिथे आहेस तोवर.

प्रेषक: अनिरुद्ध

रजिस्ट्रीला मुग्धा नसेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी लागेल ना? आम्ही कॉन्सुलेटकडून केली होती, फार त्रास झाला.

प्रेषक: सतीश

कॉन्सुलेटचीच लागते, नोटरीची चालत नाही.

प्रेषक: विलासकाका

चालते. तिकडच्या नोटरीसमोर सही, त्यावर राज्याचं अपॉस्टिल (नोटरीची सही खरी असल्याचा शिक्का), आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प लावून घ्यायचा. पण मुग्धाला यातलं काहीच करायची गरज नाही, ती नागपुरात बसून आहे! मुग्धा, जायच्या आधी दुय्यम निबंधकाकडे दादाच्या नावाने नोंदणीकृत मुखत्यारपत्र कर. भावाला विनामोबदला दिलं तर स्टॅम्प ५०० रुपये, परक्याला दिलं तर पूर्ण विक्रीचा स्टॅम्प पडतो. फक्त ह्याच घरापुरतं कर, सौद्याची रक्कम आणि खरेदीदाराचं नाव त्यात टाक, सगळ्या मालमत्तेचं सरसकट देऊ नको. विक्रीची रक्कम तुझ्याच एनआरओत जाईल हेही लिही. खरेदीदाराने बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, त्याला सांग, टीडीएसवरून कावला असेल तर जरा बरं वाटेल. आणि हे सगळं ह्याच महिन्यात उरक, डिसेंबरात अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सकडे फिरणं कठीण.

प्रेषक: मुग्धा

काका, सोमवारचा स्लॉट घेतला मुखत्यारपत्रासाठी. खरेदीदाराने टॅनचा अर्ज काल केला, इसार दादाच्या खात्यात घ्यायचं ठरलं. घर तो बायकोच्याच नावावर घेणार आहे म्हणे, त्यांना ती सूट माहीतच नव्हती. व्हॅल्युअर उद्या येतोय, दोन्ही तारखा सांगितल्या. साक्षीदार दोन लागतात का, ओळखीचेच हवेत का?

प्रेषक: विलासकाका

दोन लागतात, ओळखपत्राच्या मूळ प्रतीसकट. एक मी येतो, त्रिमूर्तीनगरहून पाच मिनिटांवर तर आहेस. दुसरा तुमच्या शेजारचा घे, दादाला ओळखणारा. दादाला सांग मूळ विक्रीपत्र पिशवीत घालून आणू नको, फक्त झेरॉक्स आण, मूळ घरीच असू दे.