डाग किती मोठा, आणि कुठे

पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी काढल्यावर स्कॅनमध्ये मेंदूचा मेलेला भाग, म्हणजे डाग, छोटा दिसला की रुग्ण नक्की सावरतो, असं म्हटलं जातं. आकार महत्त्वाचा आहेच. २०१८च्या डिफ्यूज ३ चाचणीत मेलेला भाग लहान आणि वाचवण्याजोगा भाग मोठा असलेले रुग्ण निवडले, म्हणून तर झटका आल्यावर ६ ते १६ तासांनंतरही गुठळी काढण्याचा फायदा दिसला. पण जागाही पाहा ना! मेंदूत खोलवर असलेल्या इंटर्नल कॅप्सूल या अरुंद पट्ट्यात हातापायांकडे संदेश नेणारे तंतू दाटीने असतात. तिथला हरभऱ्याएवढा डागही हात लुळा पाडू शकतो. त्यामुळे नुसत्या आकारावरून नातेवाइकांना आशा किंवा निराशा देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. झटक्यानंतर पहिल्या तीन दिवसांत खांदा उचलता येतो का, बोटं सरळ होतात का, हेही तपासायला हवं; हात कितपत परत येईल याचा अंदाज त्यावरून बराच बांधता येतो.