टी-शर्टांची गोधडी: चौकोन ताणले जाऊ नयेत म्हणून
बाबांच्या जुन्या टी-शर्टांची गोधडी करताना चौकोन शिवताना लांबतात, काय करावं, असा एक प्रश्न आलाय. होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं विणलेलं लवचिक कापड, ताणलं जाणारच. टी-शर्टचा पुढचा भाग आधी ढोबळ कापा, उलट्या बाजूने पातळ फ्यूजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं आधाराचं कापड) इस्त्रीने चिकटवा आणि मगच १४ इंचांचा चौकोन आखून कापा. क्रम उलटा झाला की माप बिघडतं. इस्त्री घासू नका, दाबून उचला. छापील चित्रावर थेट तर कधीच नको, छपाई वितळते. मशीनला बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई लावा, साध्या सुईने धागे तुटून भोकं पडतात. प्रत्येक बाजूला अर्धा इंच शिलाई धरली तर १२ चौकोनांची (३ × ४) गोधडी साधारण ३९ × ५२ इंच होते. अस्तराला जुनी सुती साडी उत्तम. धावदोरा मात्र चित्राच्या कडेकडेने घाला, रबरी छपाईत सुईचं भोक बुजत नाही.