मदत हवी आहे: कंबर धरली आहे, कायरोप्रॅक्टरकडे जावं का?

एडिसनकर | रविवार, संध्या. ६:१०
नमस्कार मंडळी. सरळच विचारतो. कंबर धरली आहे. उद्या सकाळी साडेनऊला इथल्या एका कायरोप्रॅक्टरची (हाताने मणक्याला झटका देऊन उपचार करणारे) वेळ मिळाली आहे. जावं की नको? ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनीच सांगा. बाम, शेक, तेल, पट्टा सगळं झालं, तेव्हा कृपया ते सुचवू नका. दहा दिवस धड झोप नाही आणि बुधवारी ऑफिसात जाणं भाग आहे. लवकर सांगा.

वाटसरू | ६:२२
इथल्या म्हणजे न्यू जर्सीतल्या ना? वय किती? कशाने धरली? नुसती कंबर दुखते की पायातही कळ जाते? डॉक्टरला दाखवलं का? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

मोगरा | ६:३५
उसण भरली असेल. आमच्याकडे सातारा भागात पायाळू माणसाकडून पाय लावून घेतात. आजोबांना पोतं उचलताना उसण भरली की शेजारच्या काकू यायच्या, त्या पायाळू. आजोबा उंबऱ्याशी पालथे पडायचे, काकू भिंतीला हात टेकून हलकेच तीनदा पाय लावायच्या. दुसऱ्या दिवशी आजोबा रानात. मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाटसरू | ६:४१
मोगराताई, साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपलीआपणच उतरते. इथे दहा दिवस झालेत.

एडिसनकर | ६:५८
हो, एडिसन. वय ४३. मागच्या बर्फात ड्राइव्हवे साफ करत होतो. पाऊस पडून बर्फ ओला आणि जड झाला होता. फावडं भरून डावीकडे फेकताना कमरेत कट्कन झालं, तिथेच गुडघ्यावर बसलो. फॅमिली डॉक्टरची वेळ थेट पुढच्या गुरुवारची, कायरोची उद्याचीच, आणि विम्यात बसतं, मला ४० डॉलर भरायचे. फोनवरच त्यांनी २४ बैठकांचं पॅकेज सांगितलं, आज नाव नोंदवलं तर सवलत. माझा प्रश्न एवढाच आहे की त्याने फरक पडतो का.

शिकागोची_सई | ७:०५
पडतो. जा. मी सहा वर्षं जाते, बाळंतपणानंतर कंबर गेली होती. आवाजाला घाबरू नका, तो हाड मोडल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शनातसुद्धा नव्या कंबरदुखीला आधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर, मणक्याचं मॅनिप्युलेशन (कायरो हाताने करतात ते) करून बघा, गोळ्या नंतर, असंच आहे. पॅकेज मात्र घेऊ नका. चार-पाच वेळा जाऊन बघा, फरक नसेल तर सोडा.

पुराव्यानिशी | ७:१९
सईताई, त्याच मार्गदर्शनात हेही आहे की नवी कंबरदुखी बहुतेकांची काही न करताही बरी होते. मग श्रेय कायरोला का द्यायचं? हे शास्त्र १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी सुरू केलं. ते चुंबक-उपचार करत. मणका जागेवर बसवून एका माणसाचा बहिरेपणा घालवल्याचा त्यांचा दावा होता. सगळ्या रोगांचं मूळ सरकलेल्या मणक्यात, ही कल्पना काही दवाखाने आजही विकतात. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचं मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये म्हटलंय की हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नाहीत. आणि मानेला झटका देऊ देऊ नका, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघाताचा झटका आल्याची उदाहरणं आहेत.

शिकागोची_सई | ७:३१
दादा, १८९५ मध्ये डॉक्टर तरी काय देत होते? इथे डॉक्टरांच्या संघटनेने कायरोंवर अनेक वर्षं बहिष्कार टाकला होता. तो बेकायदेशीर असल्याचा निकाल १९८७ मध्ये शिकागोच्याच फेडरल कोर्टाने दिला. आज सगळ्या ५० राज्यांत त्यांना लायसन्स आहे.

पुराव्यानिशी | ७:३८
तो खटला मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा होता. उपचार लागू पडतो की नाही हे ठरवायला कोर्ट बसलं नव्हतं.

आप्पा_फ्लोरिडा | ७:४४
मेडिकेअरमध्ये (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) कायरोने हाताने केलेल्या मणक्याच्या ॲडजस्टमेंटचे पैसे मिळतात. त्याने काढायला लावलेल्या एक्स-रेचे मिळत नाहीत. माझी गेल्या वर्षी फसगत झाली, म्हणून लिहितोय. ६५ च्या पुढच्यांनी लक्षात ठेवा.

फिजिओताई | ७:५२
मी ठाण्यात १४ वर्षं फिजिओथेरपी करते. मंडळी, खटला बाजूला ठेवा. वाटसरूंनी पहिल्याच प्रतिसादात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. एडिसनकर, पायात काही होतंय का? आत्ता उठा, भिंतीला हात लावून टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर चार पावलं. काय होतं ते लिहा. बसताना जिथे टेकतो तिथे किंवा जांघेत बधिर वाटतं का? लघवी-शौचावरचा ताबा नीट आहे? ताप, वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर, स्टिरॉइड, काही?

नवी_सूनबाई | ७:५६
विषय निघालाच आहे तर विचारते, सासूबाईंसाठी कापसाची गादी चांगली की फोमची? त्यांनाही कंबरेचा त्रास आहे.

एडिसनकर | ८:१५
पायाचं लिहिलं नाही, कारण मला वाटलं ते कंबरेचंच आहे, कंबर बरी झाली की जाईल. डाव्या कुल्ल्यातून कळ निघते, मांडीच्या बाहेरून, पोटरीवरून अंगठ्यापर्यंत. शिंक आली की वीज गेल्यासारखी. अंगठ्याजवळ मुंग्या.
चालून पाहिलं. चवड्यांवर ठीक. टाचांवर उजवा पाय ठीक, डाव्याचा चवडा वर राहतच नाही, खाली पडतो. बायको म्हणते तीन दिवसांपासून जिन्यावर माझी डावी चप्पल फटक फटक वाजते, तिला वाटलं पट्टा सैल झालाय. लघवी वगैरे ठीक. बाकीचं काही नाही.

फिजिओताई | ८:२३
उद्याची कायरोची वेळ रद्द करा. दुखतंय म्हणून नाही, ताकद गेली म्हणून. चवडा आणि अंगठा वर ओढायचं काम मुख्यतः एल-५ नावाच्या नसेचं. ती मणक्यांमधल्या गादीखाली दाबली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. नुसती कळ असती तर थांबता आलं असतं. सरकलेल्या गादीचं दुखणं बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. पण बळ कमी होत असताना कोणी कंबर पिळून झटका देणं मला मान्य नाही, मग तो कायरो असो, फिजिओ असो की हाडवैद्य.
उद्या दवाखाना उघडताक्षणी फोन करा आणि "कंबर दुखते" म्हणू नका. "डाव्या पायातलं बळ कमी झालंय, पाऊल पडतंय" असं सांगा. या दोन वाक्यांना मिळणाऱ्या तारखा वेगळ्या असतात. रात्रीतून पाय आणखी ढिला पडला, टेकायच्या जागी बधिर झालं किंवा लघवी अडली, तर दोन वाजले असले तरी इमर्जन्सीत जा. सकाळची वाट बघू नका.

मोगरा | ८:३०
बापरे. एडिसनकर, मी पाय लावायचं लिहिलं ते अजिबात करू नका.

शिकागोची_सई | ८:३८
माझी कायरो पहिल्या दिवशी पायाची ताकद बघते आणि अशा पेशंटला स्वतःच डॉक्टरकडे पाठवते. पण मी काही न विचारता "जा" लिहिलं, ते मागे घेते. ताईंचं ऐका.

एडिसनकर | सोमवार, संध्या. ७:४०
ताईंनी सांगितलं तेच शब्द फोनवर म्हटले. गुरुवारची वेळ आजच दुपारी अडीचवर आली. डॉक्टर म्हणाले, अंगठा वर ओढून धर. मी सगळा जोर लावला. त्यांनी एका बोटाने दाबला आणि तो खाली गेला. उजवा त्यांना पूर्ण हाताने हलवता आला नाही. तेव्हा खरी भीती वाटली.
एमआरआय सांगितलाय. अशक्तपणा त्यांनी कागदावर ठळक लिहिला, म्हणजे विमा कंपनी आधी सहा आठवडे व्यायाम करा म्हणणार नाही. बुधवारी साडेदहाला मणक्याच्या सर्जनकडे. लगेच ऑपरेशन असं नाही म्हणाले, पण बघायला उशीर नको. ऑफिसला कळवलं. फिजिओताई, तुम्ही आठवणीने तो प्रश्न पुन्हा विचारला नसता तर मी आज सकाळी त्या टेबलावर असतो. मनापासून आभार.

फिजिओताई | मंगळवार, स. ७:०५
एमआरआय झाला की अहवालातली शेवटची चार वाक्यं इथे टाका. तोवर वाकून काही उचलू नका, बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याला बांधू द्या. जिन्यावर कठड्याला धरूनच. आणि सूनबाई, गादीसाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

वाटसरू | ७:३०
बुधवारी कोण नेणार आहे? मी पिस्कॅटवेत राहतो, दहा मिनिटांवर.

एडिसनकर | ७:३४
बायकोला सुट्टी मिळालेली नाही. पत्ता खाजगी निरोपात पाठवतो.